आधी ओळख, मग लिखाण: यूएसबीएएसपीवर पहिली चिप

माझ्या टेबलाच्या खणात आइस्क्रीमचा एक रिकामा डबा आहे. त्यावर स्केचपेनने ‘बाद’ असं लिहिलंय. पहिल्या वर्षभरात ज्या ज्या चिपा जळल्या असं मला वाटलं, त्या मी त्यात टाकत गेलो. सात झाल्या. पुढे थोडं कळायला लागल्यावर एका रविवारी त्या बाहेर काढून पुन्हा तपासल्या, तर सातपैकी सहा धडधाकट निघाल्या. बाद होता तो माझा क्रम. मी प्रत्येक वेळी चिपशी ओळख करून घेण्याआधीच तिच्यावर लिहायला जात होतो.

म्हणून हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. उपकरण घेतलंय यूएसबीएएसपी, म्हणजे संगणकावरून चिपमध्ये प्रोग्रॅम लिहिणारी यूएसबीची छोटी पट्टी, कारण ते तीन-चारशे रुपयांच्या आत मिळतं आणि त्याचा आराखडा खुला आहे. चिप घेतली आहे एटीमेगा३२८पी, म्हणजे अर्डुइनो उनो या शिकाऊ बोर्डावर बसते तीच, पण बोर्डाशिवाय, सुटी, २८ पायांची.

एक सूचना आधीच. खाली मी आज्ञा, फाइलींची नावं आणि चिपांचे आकडे देवनागरीत, जसे बोलतो तसे लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये टाकताना ते अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचे.

हे यंत्र करतं काय

मायक्रोकंट्रोलर कारखान्यातून येतो तेव्हा त्याची फ्लॅश मेमरी कोरी असते. आपण संगणकावर तयार केलेला प्रोग्रॅम त्या फ्लॅशमध्ये नेऊन ठेवतो तो प्रोग्रॅमर. इंजिनिअरिंग कॉलेजात याला सर्रास ‘बर्नर’ म्हणतात आणि ‘कोड बर्न झाला का?’ असं विचारतात. हा शब्द जुन्या प्रॉम चिपांच्या काळातला आहे. त्यांच्यात खरोखरच बारीक तारा वितळवून माहिती लिहायचे, एकदा लिहिलं की लिहिलं. आता काही जळत नाही. एटीमेगा३२८पीची ३२ केबी फ्लॅश १०,००० वेळा पुसून लिहिता येते असं तिची डेटाशीट सांगते. शिकताना तेवढे प्रयत्न पुरतात.

अर्डुइनो उनो वापरताना वेगळा प्रोग्रॅमर लागत नाही, कारण त्या चिपमध्ये बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम आधीच बसवलेला असतो आणि तोच पुढचा प्रोग्रॅम आत घेतो. पण तो बूटलोडर पहिल्यांदा आत कोणी घातला? प्रोग्रॅमरने. सुटी कोरी चिप आणली, बूटलोडर उडाला, एटीटायनी८५ सारखी आठ पायांची चिप वापरायची झाली, किंवा सगळीच्या सगळी फ्लॅश आपल्याला हवी असली, की प्रोग्रॅमरला पर्याय नाही.

यूएसबीएएसपी बनवला थॉमस फिशल या जर्मन अभियंत्याने, २००५ च्या सुमारास. त्याच्या पोटात एटीमेगा८ ही आपल्या चिपचीच धाकटी बहीण बसलेली असते आणि शेजारी १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल. गंमत अशी की एटीमेगा८मध्ये यूएसबीचं सर्किटच नाही. यूएसबीचे सिग्नल ती निव्वळ सॉफ्टवेअरने, पिना वरखाली करून तयार करते. आणि त्या एटीमेगा८मध्ये तिचा प्रोग्रॅम घालायला आणखी एक प्रोग्रॅमर लागतो. कोंबडी आधी की अंडं आधी, याची इतकी स्वच्छ आवृत्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

काय काय आणायचं

यूएसबीएएसपी आणि त्याची दहा पिनांची एफआरसी, म्हणजे चपटी, केबल. एटीमेगा३२८पी, तीही शक्यतो दोन. ब्रेडबोर्ड, जंपर वायरी. १०४ छापलेले दोन सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे १०० नॅनोफॅरॅडचे. १० किलोओहमचा एक रेझिस्टर, ३३० ओहम ते १ किलोओहममधला एक, एक एलईडी. १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरॅडचे दोन कपॅसिटर आजच्या कामाला लागणार नाहीत, तरी घेऊन ठेवा. त्यांनीच माझ्या डब्यातल्या चार चिपा परत आणल्या.

आणि मल्टिमीटर. हा हवाच. साधा चालेल, पण नसेल तर प्रोग्रॅमर घेणं पुढे ढकला आणि आधी मीटर घ्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दोन्हीकडे हे सगळं एका फेरीत होतं. चिप घेताना तिच्या पाठीवरची अक्षरं नीट वाचा. शेवटी ‘पी’ आहे की नाही, याला महत्त्व आहे. ते का, ते पुढे येईल.

पायरी १: संगणकाला प्रोग्रॅमर दिसतो का

चिप अजून पाकिटातच राहू द्या. फक्त यूएसबीएएसपी संगणकाला लावा.

लिनक्सवर एलएसयूएसबी ही आज्ञा द्या आणि यादीत १६सी० आणि ०५डीसी ही जोडी शोधा. तो या उपकरणाचा ओळख क्रमांक. दिसला तर ड्रायव्हरचं काम नाही. मात्र पुढे आज्ञा ‘सुडो’ लावून चालते आणि त्याशिवाय चालत नाही असं झालं, तर प्रश्न परवानगीचा आहे. त्या क्रमांकासाठी यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या सांभाळणारी व्यवस्था) एका ओळीचा नियम लिहून टाका. कायम सुडो वापरत राहणं मला पटत नाही. मॅकवरही वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

विंडोजवर झेडिग नावाचं छोटं फुकट साधन लागतं. ते उघडून यादीतून यूएसबीएएसपी निवडायचा आणि लिबयूएसबी-के किंवा लिबयूएसबी-विन३२ यांपैकी एक ड्रायव्हर बसवायचा. इथे घाई नको. झेडिग तुम्ही निवडाल त्या उपकरणाचा ड्रायव्हर बदलतं. यादीत चुकून माउस निवडलात, तर माउसचा बदलेल आणि मग कर्सर हलणार नाही. बटण दाबण्याआधी ओळख क्रमांक तोच आहे ना, हे बघा.

क्रमांक काही वेगळाच दिसला, उदाहरणार्थ ०३ईबी आणि सी८बी४, तर तुमच्या हातात दिसायला तशीच पण आत वेगळं फर्मवेअर, म्हणजे पट्टीचा स्वतःचा प्रोग्रॅम, असलेली पट्टी आली आहे. ती स्वतःला कीबोर्ड-माउसच्या जातीचं उपकरण म्हणून सांगते आणि नेहमीची साधनं तिला ओळखत नाहीत. पहिल्याच खेपेला तिच्याशी झगडू नका. दुकानात परत करा.

शेवटी एव्हीआरड्यूड बसवून घ्या. प्रोग्रॅमरशी बोलणारी ही आज्ञावली लिनक्सच्या पॅकेजांत मिळते, मॅकवर होमब्रूमधून येते, आणि अर्डुइनो आयडीईबरोबरही येते.

पायरी २: केबलचं कुठलं टोक कुठलं

नवशिक्याचा अर्धा दिवस इथे जातो. दहा पिनांचं चित्र कागदावर सोपं दिसतं. पण चित्र असतं बोर्डावरच्या पिनांचं वरून पाहिलेलं, आणि तुमच्या हातात असतं केबलचं भोकांचं टोक, समोरून पाहिलेलं. म्हणजे आरशातली प्रतिमा. एक नंबर दोनच्या जागी दिसतो, नऊ दहाच्या जागी.

खुणा दोन आहेत: एफआरसी केबलची लाल कड एक नंबरच्या बाजूला असते, आणि टोकाच्या प्लास्टिकवर एक नंबरपाशी बारीक त्रिकोण असतो. नंबर आडवे, जोडीजोडीने मोजायचे: १-२, ३-४, ५-६, ७-८, ९-१०. त्यांचे अर्थ असे: १ मोझी (प्रोग्रॅमरकडून चिपकडे जाणारी माहिती), २ पाच व्होल्ट, ५ रिसेट, ७ एससीके (त्या माहितीला ठेका देणारा सिग्नल), ९ मिझो (चिपकडून परत येणारी माहिती), आणि ८ व १० ग्राउंड. तीन नंबर सोडून द्या. चार आणि सहाला काही चित्रांत ग्राउंड लिहिलेलं असतं. यूएसबीएएसपीच्या मूळ आराखड्यात त्या पिना सीरियलच्या टीएक्स-आरएक्सला दिलेल्या आहेत, म्हणून ग्राउंड कायम दहामधूनच घ्यायचा.

आता खुणांवर विश्वास ठेवू नका, मोजा. प्रोग्रॅमर यूएसबीला लावा, केबलच्या मोकळ्या टोकात दोन आणि दहा नंबरच्या भोकांत एकेक जंपर वायर खुपसा, वायरींची दुसरी टोकं एकमेकांना लागू देऊ नका, आणि मीटर लावा. पाच व्होल्टच्या आसपास आकडा आला तर तुमची मोजणी बरोबर. उलटं धरलं असेल किंवा आरशाची चूक झाली असेल, तर हा आकडा येणारच नाही. दोन मिनिटांच्या या तपासणीने पुढचे दोन तास वाचतात.

अनेक पट्ट्यांवर ५ व्होल्ट की ३.३ व्होल्ट हे ठरवणारा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, असतो. तो पाचवर ठेवा, आणि मीटरही तेच सांगतो ना, ते पाहा.

पायरी ३: ब्रेडबोर्ड

यूएसबी काढून ठेवा. चिप ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर आडवी बसवा. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच आहे. ती वर धरली की डावीकडचा सगळ्यात वरचा पाय एक नंबर. तिथून खाली चौदापर्यंत आणि मग उजवीकडून वर अठ्ठावीसपर्यंत.

जोडण्या: रिसेट पाय १ ला, मोझी १७ ला, मिझो १८ ला, एससीके १९ ला. सीरियल पोर्टची सवय असलेले लोक इथे टीएक्स-आरएक्ससारखी अदलाबदल करतात. तसं करायचं नाही. मोझी मोझीलाच, मिझो मिझोलाच.

पाच व्होल्ट पाय ७ आणि २० दोन्हींना, ग्राउंड पाय ८ आणि २२ दोन्हींना. वीस नंबर म्हणजे अ‍ॅनालॉग भागाचा पुरवठा. ‘मी अ‍ॅनालॉग वापरतच नाही’ म्हणून तो मोकळा ठेवायचा मोह होतो, पण डेटाशीट स्पष्ट सांगते की वापरा न वापरा, तो जोडायचाच. डब्यातली एक चिप केवळ यामुळे बाद ठरली होती. जोडणी पूर्ण केल्यावर पहिल्या फटक्यात बोलली.

१०४चा एक कपॅसिटर ७ आणि ८ च्या मध्ये, दुसरा २० आणि २२ च्या मध्ये, चिपच्या जितका जवळ बसेल तितका. रिसेट आणि पाच व्होल्टच्या मध्ये १० किलोओहम. एलईडी पाय १४ वरून रेझिस्टरमार्गे ग्राउंडला.

मोटर, रिले, सर्व्हो असलं काही या वेळी जोडू नका. सगळा विद्युतप्रवाह संगणकाच्या यूएसबी पोर्टातून येतोय. आणि सर्किटला वेगळा पुरवठा दिला असेल, तर प्रोग्रॅमरची पाच व्होल्टची वायर काढा, ग्राउंडची मात्र ठेवा. दोन पुरवठे एकमेकांच्या अंगावर घालायचे नसतात.

पायरी ४: नाव विचारा

आता यूएसबी लावा. चिपला बोट लावून पाहा. गरम लागली तर लगेच काढा. तिला उलटा पुरवठा गेलाय. माझ्या सातांपैकी खरोखर मेलेली एकुलती एक अशीच गेली.

थंड असेल तर पहिली आज्ञा:

एव्हीआरड्यूड -सी यूएसबीएएसपी -पी एम३२८पी -बी १० -व्ही

यात सी पुढे प्रोग्रॅमर, पी पुढे चिप, आणि व्ही म्हणजे जरा सविस्तर बोल. सी, पी आणि व्ही लहान लिपीतले, बी मात्र मोठ्या लिपीतला. या आज्ञेत लिहिण्याचं काहीच नाही. ती फक्त चिपला तिचं नाव विचारते. उत्तरात १ई ९५ ०एफ हे तीन बाइट आले, की समजा वायरी बरोबर, पुरवठा बरोबर, वेग बरोबर, ड्रायव्हर बरोबर, चिप जिवंत. या तीन बाइटांआधी बाकी कुठलाही उद्योग करायचा नाही. मी डबा भरला तो हा नियम न पाळल्यामुळे.

आत काय घडतं ते एकदा समजून घेतलं तर पुढचे सगळे घोटाळे आपोआप उलगडतात. प्रोग्रॅमर रिसेटची पिन खाली खेचतो, किमान २० मिलिसेकंद थांबतो आणि एसी ५३ ०० ०० असे चार बाइट पाठवतो. चिप जागी असेल, तर तिसरा बाइट जात असताना ती दुसरा, म्हणजे ५३, परत म्हणून दाखवते. दारावर टकटक, आतून ‘ओ’. ही ‘ओ’ आली नाही की एव्हीआरड्यूड ‘टार्गेट डझन्ट आन्सर’ असं छापतं. त्याचा अर्थ इतकाच की आतून ‘ओ’ आली नाही. चिप मेली असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आणि ‘ओ’ न येण्याचं सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे वेग. एटीमेगा३२८पीच्या आत ८ मेगाहर्ट्‌झचा आंदोलक, म्हणजे तिचं घड्याळ, आहे, पण कारखान्यातून येताना त्याला आठाने भागण्याची सोय चालू असते. म्हणजे नवीकोरी चिप १ मेगाहर्ट्‌झवर चालते. आणि प्रोग्रॅमिंगचा नियम असा की एससीकेचा वेग चिपच्या घड्याळाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. १ मेगाहर्ट्‌झचा चौथा हिस्सा २५० किलोहर्ट्‌झ. यूएसबीएएसपीचा मूळ वेग ३७५ किलोहर्ट्‌झ. म्हणजे तुम्ही काहीही न चुकता, अगदी कोऱ्या चिपशी प्रोग्रॅमर तिच्या झेपेपलीकडच्या वेगाने बोलतो. ती कधी उत्तर देते, कधी अर्धवट देते, कधी गप्प. नवशिका वायरी उपसत बसतो.

म्हणूनच मी -बी १० दिलं. तो आकडा मायक्रोसेकंदात असतो. १० म्हणजे १०० किलोहर्ट्‌झच्या आसपास, आणि यूएसबीएएसपी त्यातला जवळचा खालचा वेग, ९३.७५ किलोहर्ट्‌झ, निवडतो. पट्टीवरचं फर्मवेअर जुनं असेल तर ‘वेग बदलता येत नाही’ अशी सूचना येते. तेव्हा पट्टीवर जेपी३ लिहिलेल्या दोन पिना शोधून जंपर लावा, आणि काही पट्ट्यांवर नुसती दोन भोकं असतात, त्यांत बर्ग स्ट्रिपचा, म्हणजे पिनांच्या पट्टीचा, तुकडा डाग देऊन बसवा. मग वेग सुमारे ८ किलोहर्ट्‌झवर येतो. काम होतं, पण गोगलगाईने: पूर्ण ३२ केबी भरायची तर नुसत्या बिटांच्या हिशेबानेच दोन मिनिटांहून जास्त लागतात.

उत्तर आलं पण वेगळं आलं, तर ते वाचा. १ई ९५ १४ आलं तर ती ‘पी’ नसलेली एटीमेगा३२८ आहे. १ई ९५ १६ म्हणजे ३२८पीबी. आज्ञेतलं चिपचं नाव तेवढं बदला. दर वेळी वेगळाच आकडा येतो, तर वेग अजून कमी करा किंवा ढिली वायर शोधा. सगळी शून्यं किंवा सगळे एफ आले तर मिझोची वायर आधी पाहा. आणि यूएसबी उपकरणच सापडत नाही असं आलं, तर चिपकडे बघूही नका, पायरी १ वर जा.

इंटरनेटवर कोणीतरी सांगेलच की मोठा ‘एफ’ लावा, म्हणजे ओळख न जुळताही एव्हीआरड्यूड पुढे जातं. लावू नका. समोर कोण आहे ते माहीत नसताना सही करून देण्यातला प्रकार आहे तो.

पायरी ५: वहीत लिहून ठेवा

ओळख पटली. आता चिपचे तीन फ्यूज, म्हणजे तिच्या मूळ सेटिंगचे बिट (त्यांच्याबद्दल पुढे), वाचा, फक्त वाचा. त्यासाठी आज्ञेच्या शेवटी मोठा यू, मग एलफ्यूज, आर, वजाचं चिन्ह आणि एच, मधे अपूर्णविरामाची चिन्हं: -यू एलफ्यूज:आर:-:एच. तसंच एचफ्यूज आणि ईफ्यूज. कोऱ्या चिपवर ६२, डी९ आणि एफएफ हे आकडे येतात. ते तारखेसह वहीत उतरवा आणि चिपच्या पोटाला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावरही. फोनमधला फोटो तीन महिन्यांनी सापडत नाही, वही सापडते.

पायरी ६: एलईडी लुकलुकवा

सी भाषेत लिहिणार असाल, तर पोर्ट बीची शून्य नंबरची पिन, म्हणजे पाय १४, आउटपुट करायची, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने उलटी करायची, झालं. एव्हीआर-जीसीसी या कंपायलरला चिपचं नाव आणि एफ-सीपीयूची, म्हणजे घड्याळाच्या वेगाची, किंमत १०,००,००० द्यायची, आणि ऑब्जकॉपीने हेक्स फाइल, म्हणजे चिपमध्ये भरायची तयार फाइल, काढायची.

अर्डुइनो आयडीई वापरत असाल तर ब्लिंक या तयार नमुन्यात १३ ऐवजी ८ नंबरची पिन घाला. अर्डुइनोची ८ म्हणजे चिपचा पाय १४. तेरा नंबर म्हणजे पाय १९, आणि तिथे आपला एससीके बसलाय. मेनूमधून संकलित फाइल निर्यात केली की दोन हेक्स फाइली मिळतात. नावात ‘विथ बूटलोडर’ नसलेली घ्या.

मग: -यू फ्लॅश:डब्ल्यू:ब्लिंक.हेक्स:आय

एव्हीआरड्यूड आधी चिप पुसतं, मग लिहितं, मग लिहिलेलं परत वाचून ताडून पाहतं. जुळलं की एलईडी लागलीच लुकलुकायला लागतो, कारण प्रोग्रॅमर रिसेट सोडून देतो.

लुकलुक बरोबर पण फारच संथ, असं झालं तर आनंद माना, कारण त्यामागचं कारण लगेच सापडेल. उनोसाठी संकलित केलेला प्रोग्रॅम चिप १६ मेगाहर्ट्‌झवर चालतेय असं धरून चालतो. आपली १ वर आहे. एक सेकंदाचे सोळा होतात. एफ-सीपीयू लिहिल्याने चिपचं घड्याळ बदलत नाही. आपण फक्त कंपायलरला सांगतो की घड्याळ अमुक आहे. खोटं सांगितलं तर तो खोट्यावरच हिशेब करतो. घड्याळ खरोखर बदलतात ते फ्यूज.

फ्यूज: इथे श्वास रोखून

फ्यूज म्हणजे फ्लॅशपासून वेगळ्या जागी असलेले काही बिट. त्यांच्यावरून चिप घड्याळ कुठून घ्यायचं, रिसेटची पिन रिसेटच राहणार का, असल्या मूळ गोष्टी ठरवते. चिप पुसली तरी ते पुसले जात नाहीत. आणि त्यांचा तर्क उलटा आहे: बिट ० म्हणजे सोय चालू, १ म्हणजे बंद.

खालचा फ्यूज, म्हणजे एलफ्यूज, ६२ घ्या. बिटांत तो ०११० ००१०. सगळ्यात डावीकडचं शून्य म्हणजे ‘आठाने भाग’ ही सोय चालू. ते एकटं १ केलं की १११० ००१०, म्हणजे ई२. बस, एवढ्याने चिप १ वरून ८ मेगाहर्ट्‌झवर जाते. क्रिस्टल नको, काही नको. पहिला फ्यूज बदलायचा तर हाच, यात धोका नाही: -यू एलफ्यूज:डब्ल्यू:०एक्सई२:एम. त्यानंतर एफ-सीपीयू ८०,००,००० करा आणि लुकलुक पुन्हा घड्याळाशी लावून पाहा. आकडा डोक्यात न काढता फ्यूज कॅल्क्युलेटरमध्ये घालून त्याचा अर्थ वाचायची सवय लावा. मी आजही लावतो.

वरच्या फ्यूजला, म्हणजे डी९ असलेल्या एचफ्यूजला, हात लावायची सुरुवातीला गरज नाही. त्याचा सगळ्यात डावीकडचा बिट शून्य केला, तर रिसेटची पिन साधी पिन होते. मग प्रोग्रॅमर टकटक करतो ते दारच बंद. त्याच्या शेजारचा बिट डीबगवायरचा, तोही तेच करतो. अशी चिप उघडायला रिसेटवर १२ व्होल्ट देणारा वेगळा, हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमर लागतो. यूएसबीएएसपीच्या आवाक्यातलं ते काम नाही.

पण खरा सापळा याहून साधा आहे. अर्डुइनो आयडीईमध्ये ‘बर्न बूटलोडर’ असा पर्याय आहे. नावावरून वाटतं, बूटलोडरच भरत असेल. तो फ्यूजही बदलतो. बोर्ड म्हणून उनो निवडलेला असेल, तर खालचा फ्यूज एफएफ होतो: आजपासून घड्याळ बाहेरच्या क्रिस्टलवरून. ब्रेडबोर्डवर क्रिस्टल नाही. फ्यूज लिहिले जातात, आणि त्यानंतर चिप गप्प. ‘आत्ता तर चालत होती!’ माझ्या चार चिपा अशाच डब्यात गेल्या, आणि चौथीच्या वेळीही मी दुकानदारालाच बोल लावला होता. क्रिस्टलशिवाय अर्डुइनोसारखं काम करायचं असेल तर आयडीईत मिनीकोअर हा सुट्या चिपांसाठीचा जोड बसवा. त्यात आतल्या ८ मेगाहर्ट्‌झचा पर्याय निवडता येतो.

गप्प झालेल्या चिपला बोलतं करणं

घाबरायचं नाही. प्रोग्रॅमिंगसाठीसुद्धा चिपला घड्याळ लागतं, आणि ते तिला मिळत नाहीये, इतकंच. पाय ९ आणि १० च्या मध्ये १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल लावा, दोन्ही पायांवरून २२ पिकोफॅरॅडचा एकेक कपॅसिटर ग्राउंडला द्या, आणि पुन्हा नाव विचारा. बहुतेक वेळा १ई ९५ ०एफ झटक्यात येतं. मग खालचा फ्यूज ई२ करा, क्रिस्टल काढून घ्या.

क्रिस्टल लावूनही गप्प असेल, तर फ्यूज ‘बाहेरून तयार घड्याळ’ यावर गेला असावा. तिथे क्रिस्टल पुरत नाही, पाय ९ वर खरोखरची चौकोनी लहर लागते. घरात उनो असेल तर त्याच्या टायमरने १ मेगाहर्ट्‌झची लहर काढून ती पाय ९ ला द्या, दोघांचे ग्राउंड जोडा, आणि -बी १० ने विचारा.

तिसरी शक्यता उलट टोकाची आहे. चिपमध्ये १२८ किलोहर्ट्‌झचा एक अगदी संथ आंदोलकही आहे. फ्यूज तिथे गेला आणि वर आठाने भागणंही चालू राहिलं, तर चिप १६ किलोहर्ट्‌झवर रांगते. तिचा चौथा हिस्सा ४ किलोहर्ट्‌झ. म्हणजे जेपी३चा ८ किलोहर्ट्‌झचा ‘संथ’ वेगही तिला जास्तच. -बी ५०० द्या, २ किलोहर्ट्‌झ होतात. डब्यातली सहावी चिप अशी उठली. वायरींना हातही लावावा लागला नाही.

यातलं काहीच चाललं नाही, तर दुसरी चिप त्याच ब्रेडबोर्डावर, त्याच वायरींत बसवून नाव विचारा. दोन चिपा घ्या म्हणालो ते यासाठी. दुसरी बोलली तर दोष पहिलीत, तीही नाही बोलली तर दोष वायरींत.

थोडं पुढचं

चिप तयार सर्किटवर बसलेली असेल आणि त्याच तीन वायरींवर एसडी कार्ड किंवा रेडिओ मोड्यूलही असेल, तर प्रोग्रॅम करताना ते मधे बोलतं. त्याच्या सिलेक्ट पिनेला १० किलोओहमने वर बांधून ठेवा. ते ३.३ व्होल्टचं असेल तर सरळ काढूनच ठेवा.

एटीटायनी८५, एटीटायनी१३, एटीमेगा८ यांना हाच क्रम चालतो, फक्त पाय आणि नाव वेगळं. मात्र नव्या एटीटायनी मालिकांना यूपीडीआय नावाची एका वायरची पद्धत लागते, एसटीएम३२ला एसटी-लिंक, पिकला त्याचा स्वतःचा प्रोग्रॅमर. आणि कॉलेजच्या प्रयोगवहीतली एटी८९एस५२ दिसायला सोबतीण वाटली, तरी तिचा रिसेट उलटा, म्हणजे वर खेचल्यावर लागू होतो. यूएसबीएएसपी मुळात ज्या चिपांसाठी आहे, त्यांचा रिसेट खाली खेचून लागतो.

दुसरा यूएसबीएएसपी कधी हाताशी आला, तर पहिल्याचं जुनं फर्मवेअर बदलून घ्या. जुन्यावर जेपी२चा जंपर लावायचा, दोघांना एफआरसी केबलने जोडायचं, यूएसबीला फक्त नवा लावायचा आणि चिप म्हणून एम८ सांगायचं. लिहायच्या आधी नाव विचारायचंच, इथे उत्तर १ई ९३ ०७ यायला हवं.